डोमाजीच्या सुसंस्कृत झडत्या

हिवरबर्डीत डोमाजीला वर्षभर कोणी "या, बसा" म्हणत नसे. आर्वीपासून एसटीनं पाऊण तास, पुढं फाट्यावर उतरून पायी, असं ते गाव. त्यात डोमाजीचं थोडं कोरडवाहू वावर, एक बंडी म्हणजे बैलगाडी, आणि पांढऱ्याधोप गवळाऊ बैलांची जोडी, चांद्या आणि बांड्या. कापूस निघाला की लोकांचे गठ्ठे आर्वीच्या मार्केटात नेऊन टाकायचे आणि येताना कोणाचं मीठ, कोणाचा पाव्हणा बंडीत घालून आणायचा, हा त्याचा धंदा. अंगानं काटकुळा, पण आवाज असा की त्यानं फाट्यावर बैलांना हाकारलं की गावातल्या गोठ्यांतली वासरं उठून उभी राहत. लग्नाच्या पंगतीत त्याला शेवटच्या ओळीत, जिथं बुंदी येता येता संपते तिथं बसवत. ग्रामसभेत त्यानं हात वर केला की मंडळींना छतावरच्या पाली मोजायचं काम निघे.

पण पोळ्याच्या दिवशी ऊन कललं की हीच मंडळी डोमाजीच्या तोंडाकडे पाहत. काही हौसेनं, आणि बरीचशी धाकानं. कारण डोमाजी वरच्या मोहल्ल्याचा झडतीवाला होता.

आता झडती म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याचा जन्म अगदीच वाया गेला असं नाही, पण थोडा उणा राहिला हे खरं. पोळ्याला गावच्या सगळ्या जोड्या आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर आणतात आणि आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीनं उभ्या करतात. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. तोरण तुटायच्या आधी एका मोहल्ल्याचा माणूस बैलाच्या वशिंडावर हात ठेवतो आणि ढोलकीच्या ठेक्यावर हेल काढून दोन ओळी टाकतो. त्या दोन ओळींत गावातल्या कोणा तरी बड्या असामीचं पितळ उघडं पडतं. शेवटी तो म्हणतो, "हर बोला", आणि सारं गाव ओरडतं, "हर हर महादेव". मग दुसऱ्या मोहल्ल्याचा माणूस जवाब देतो. यात कायदा एकच, आणि तो कोणत्याही कोर्टापेक्षा कडक: तोरणाखालचा बोल तोरणाखाली राहतो. तिथं कोणाला चोर म्हणा, कोणाला भोपळा म्हणा, रागवायचं नाही. रागावला तो हरला. आणि तोरण तुटल्यावर तीच ओळ कोणी चावडीसमोर म्हटली, तर मात्र म्हणणाऱ्याची धडगत नाही.

डोमाजीकडे हा मान चुलत्याकडून, बंडूजीकडून आला. चौऱ्याहत्तर साली बंडूजीचे दात गेले आणि त्याच्या झडत्या समोरच्याला लागायच्या आधी भिजू लागल्या, तेव्हा त्यानं पुतण्याचा हात धरून बैलाच्या वशिंडावर ठेवला. डोमाजीनं पहिल्याच वर्षी शाळेच्या प्रभाकरराव गुरुजींना उचललं:

*पोरं म्हनते पाढे, गुरुजी देते साथ,*
*तोंड राह्यते मिटलेलं, नाक करते बात.*

गुरुजी त्या दिवसापासून वर्गात उभ्यानं शिकवू लागले. उभ्यानं झोपायला त्यांना पुढं दीड वर्ष लागलं, असं पोरं सांगत.

खालच्या मोहल्ल्याचा जवाब देणारा होता रूपराव. हा गडी वर्षभर विडी ओढत आणि डोमाजीशी भांडत राही. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून भांडण, पाण्यावरून भांडण, कोंबडी इकडे का आली यावरून भांडण. पण डोमाजीनं झडती टाकली आणि रूपरावानं तिला जवाब जोडला की दोन्ही मोहल्ले एकच पोट धरून हसत. एका पायाची चप्पल जशी, तसा एकावाचून दुसरा.

पंच्याऐंशीच्या पोळ्यात डोमाजीनं सोसायटीच्या अध्यक्षांनाच धरलं. अध्यक्ष बाबाराव म्हणजे गावातलं सर्वांत रुंद माणूस. त्यांच्याकडे जीप होती, पांढरी टोपी होती, आणि हसू होतं, पण ते बाहेरचे पुढारी आले की मगच बाहेर निघे. डोमाजी म्हणाला:

*सोसायटीचं खत गा, वाटेतच गायब,*
*गावाची तूर चपराशी, बाबारावची सायब.*

खत कोणाच्या तुरीला गेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक एवढे हसले की बैल बुजले. बाबारावही हसले, कायदाच तसा होता. पण घरी जाऊन त्यांनी जेवण न करता नुसतं ताक पिऊन झोपणं पसंत केलं, ही बातमी सकाळी पाणवठ्यावर होती.

त्याच साली दिवाळीनंतर डोमाजी कापूस घेऊन आर्वीला गेला असताना डेपोजवळच्या पानठेल्यावर त्यानं कव्वालीच्या मुकाबल्याची कॅसेट ऐकली. बाई सवाल टाकत होती, बुवा जवाब देत होता, आणि ठेल्यावर पान खाणारे डोलत होते. डोमाजी बंडीवरून उतरून जवळ गेला. कोणी बाई नाही, बुवा नाही. एवढीशी डब्बी फिरत होती.

"हे कुठली मंडळी होय?" त्यानं पानवाल्याला विचारलं.

"काय माहीत गा. कुठं तरी मुंबईकडची असन."

"आन् इथं आर्वीत आयकू येते?"

"आर्वीत काय, पैसे देल्ले तं तुह्या बंडीतबी आयकू येईन."

त्या दिवशी डोमाजीच्या डोक्यात जो किडा शिरला तो निघाला नाही. चांद्या-बांड्यांनी बंडी आपल्या मनानं घरी आणली. रात्री ताटावर बसून तो बायकोला म्हणाला, "देवके, माहा आवाज डब्बीत भरावा म्हनतो."

देवकाबाईंनी भाकर तव्यावर उलटली. "भरा ना. घरात तेवढीच शांतता."

पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांना कळलं की हे पोटातून आलेलं आहे. डोमाजीला हवं होतं ते एवढंच: वर्षातून एका संध्याकाळी आखरावर जो मान मिळतो, तो आर्वीच्या ठेल्यावर, वर्ध्याच्या टेशनावर, रोज मिळावा. माणसानं शेवटच्या पंगतीत बसावं आणि त्याचा आवाज पहिल्या पंगतीत वाढला जावा.

गावात कॅसेटशी संबंध असलेला माणूस एकच, ओमप्रकाश. त्याचा आजा मारवाडातून कापडाचा गठ्ठा घेऊन आला होता. नातवानं कापडाच्या बाजूला आता रेडिओ आणि टेपरेकॉर्डर मांडले होते. तो डोमाजीचं सगळं ऐकून म्हणाला, "देखो डोमाजी, नागपुरात आपल्या पहचानवाल्याचा स्टुडिओ हाये. रिकॉर्डिंगचं मी पाहून घेतो. चीज चालन ते. पन एक झडती तेवढी निकाल टाका."

"कोनती?"

"ते माझ्या मीटरची."

मीटरची झडती त्र्याऐंशीची होती:

*ओमप्रकाशच्या मीटरले हिवाची मोठी भीती,*
*कापडावर ठेवलं का आखडते किती.*

"काऊन? पोयाले तं तुमी हासले होते," डोमाजी म्हणाला.

"पोळ्याला हसतो ना भाऊ. पन हे बारा महिने वाजन. गिऱ्हाईक दुकानात उभं, मी कपडा नापून राह्यलो, आन् पीछे तुमचा आवाज. तोरणाखालचा बोल तोरणाखाली, हे तुमचंच कानून ना?"

डोमाजीला यात खोट काढता येईना. ती झडती गेली. तिच्या जागी ओमप्रकाशनं दुकानाच्या सचोटीवर दोन ओळी मागितल्या, त्याही डोमाजीनं जुळवून दिल्या. एका झडतीनं काय होते, असं तो स्वतःशी म्हणाला. पहिली वीट काढताना भिंतही असंच म्हणत असेल.

बातमी बाबारावांकडे पोचायला वेळ लागला नाही. त्यांनी डोमाजीला चक्क ओसरीवर बोलावलं आणि खुर्ची दिली. डोमाजी आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसला आणि मागचा पाय हलतो हे कळूनही काही बोलला नाही.

"डोमा, गावाचं नाव करून राह्यला तू," बाबाराव म्हणाले. "नागपूरले एसटीनं जाशीन का धक्के खात? जीप नेजो आपली. फक्त ते तुरीचं..."

"ते तं लोकाईले लय आवडलं होतं, बाबारावजी."

"आवडलं ना. मलेबी आवडलं. पन माह्या जावयाच्या गावात वाजन हे, त्याचा इचार केला का तू? आपल्या पोरीले सासरी कोनी तूर शिजवू देईन का? आन् काढलंच हाये तं दोन शब्द चांगले टाक. माह्यासाठी नाई. गावासाठी."

मग प्रभाकरराव गुरुजी आले. त्यांना काही नको होतं. त्यांना फक्त भाषा शुद्ध करायची होती. "डोमाजी, 'मले', 'तुले', 'पोया' असं नागपूरच्या यंत्रात बोललात तर शाळेची अब्रू जाईल. मी नजर टाकतो." नजर टाकता टाकता त्यांनी नाकाची झडती खोडली आणि स्वतःवर दोन ओळी लिहून दिल्या, ज्यांत ज्ञानदीप, अंधकार आणि क्षण हे तिन्ही आले होते.

बातमी फुटली तसे आणखीही आले. ज्याच्या पाणी घातलेल्या दुधावर झडती होती तो खरवस घेऊन आला. ज्याच्या सासूवर होती तो सासूलाच घेऊन आला. कोणी ढोलकी दिली, कोणी प्रवासाची शिदोरी दिली, आणि जो तो जाताना आपापली झडती घरी घेऊन गेला. खेळ असा झाला की डोमाजीच्या पोतडीत बारा वर्षांचं तिखट होतं, ते वाटून संपलं आणि रिकाम्या जागी गूळ भरला गेला.

डोमाजी नव्या झडत्या देवकाबाईंना म्हणून दाखवायला बसला. त्यांनी तांदूळ निवडत सगळं ऐकून घेतलं.

"हे कॅसेट होय का सत्काराचा कारेक्रम?" त्या म्हणाल्या.

"तुले काय समजते त्यातलं."

"मले काईच नाई समजत. पन बारा वर्स तुमी गावाले मिरच्या चारल्या, आन् आता गावानं तुमच्याच तोंडात साखर कोंबली, एवढं समजते. साखर खाऊन मानूस चूप बसते, हेबी समजते."

डोमाजीनं त्या रात्री कूस बदलली नाही. एकाच कुशीवर जागा राहिला.

नागपूरचा स्टुडिओ म्हणजे एका बंगल्यामागची खोली, भिंतींना पोती लावलेली. डोमाजीला वाटलं, कापसाचं गोदाम आहे. आत गेल्यावर त्याची पहिली अडचण अशी की त्याला सुचेना. वर तोरण नाही. तोरणाशिवाय तोंड उघडलं तर बंडूजी स्वप्नात येऊन मारील. शेवटी बंगल्याच्या आवारातल्या अशोकाची पानं तोडून माईकवर बांधली. दुसरी अडचण, हात कुठं ठेवायचा. बारा वर्षं हात चांद्याच्या वशिंडावर होता, त्याशिवाय सूर लागेना. मग ढोलकीवाला पुढं बसला आणि डोमाजीनं त्याच्या मानेमागं हात ठेवला. तो भला माणूस होता. शेवटी शेवटी डोमाजी त्याची मान खाजवू लागला तेव्हाच काय तो एकदा हलला. "हर हर महादेव" म्हणायला ऑर्केस्ट्रातली दोन पोरं आणली होती. रेशनच्या रांगेत नंबर आल्यावर माणूस "हो" म्हणतो, त्या सुरात ती महादेवाला हाक मारत होती.

तिसरी अडचण मात्र मशीनवाल्याला आली. त्यानं टेप थांबवून काचेपलीकडून डोकं काढलं.

"चाचा, हर झडती के बाद ये खाली जगह क्यों छोड़ रहे हो?"

"ते जवाबाची जागा होय."

"किसका जवाब?"

"रूपरावचा."

"वो आया है क्या?"

"नाई ना. त्याले कोनी आनलंच नाई." आणि हे खरं होतं. बाबारावांनी जीपमध्ये डोमाजी, ओमप्रकाश, गुरुजी आणि गुरुजींची छत्री एवढ्यांना बसवलं होतं. रूपरावाच्या जवाबाला शुद्ध करणं गुरुजींच्याही आवाक्याबाहेरचं होतं.

"फिर खाली क्यों? इधर बाँसुरी डाल देता हूँ."

"नाई," डोमाजी म्हणाला.

ओमप्रकाश मध्ये पडला. "डोमाजी, खाली टेप म्हणजे नुकसान ना. लोक समजन का बिघडली."

बारा वर्षांच्या झडत्या ज्यानं एकेक करून देऊन टाकल्या होत्या, तो माणूस इथं मात्र खुंट्यासारखा रुतला. "तुमी माह्या झडत्या काढल्या, मी देल्ल्या. गुरुजीनं माही बोली काढली, तेबी देल्ली. पन जवाबाची जागा माही नाई, रूपरावची हाये. ते मले देता येत नाई. झडती टाकून समोरच्याले जागा नाई ठेवली तं ते झडती नाई राह्यत, शिवी होते."

"पन तुम्ही तं तारीफ करून राह्यले," ओमप्रकाश म्हणाला.

"मंग तं अजूनच पायजे," डोमाजी म्हणाला.

असं का म्हणालो हे त्याचं त्यालाही त्या वेळी सांगता आलं नसतं. जागा राहिली.

कॅसेट आखाडात गावात आली. वरच्या कागदावर बाबाराव हारासकट हसत होते. खाली ओमप्रकाशच्या दुकानाचा पत्ता, बाजूला "भाषासंस्कार: प्रभाकरराव गुरुजी". कोपऱ्यात डाक तिकिटाएवढा डोमाजी आणि चांद्याचं एक शिंग. बांड्याला जागाच उरली नव्हती. आणि नाव काय, तर 'हिवरबर्डीच्या सुसंस्कृत झडत्या'. ते गुरुजींनी ठेवलं. सुसंस्कृत झडती म्हणजे बिनतिखटाचा ठेचा. दिसायला हिरवा, पण खाणाऱ्याचे डोळे कोरडे.

डोमाजीनं देवकाबाईंना बंडीत बसवून आर्वीला नेलं आणि पानवाल्याला कॅसेट लावायला सांगितली. पहिली झडती झाली. दोन पोरांनी महादेवाला कंटाळून हाक मारली. मग जवाबाची जागा आली आणि टेप नुसतीच सूं करत फिरू लागली. पान खाणारे थांबले. एकानं यंत्राला थापट मारली. दुसरा म्हणाला, "गायक पानी प्याले गेला असन." पानवाल्यानं कॅसेट काढून उलटसुलट पाहिली आणि परत कव्वाली लावली.

"लय दूर आयकू गेलं," देवकाबाई बंडीत बसताना म्हणाल्या.

गावातही तेच. पोरं "जवाबाची जागा" असं म्हणून तोंड उघडं ठेवून उभी राहत आणि पळून जात. रूपराव तर बोलेनासाच झाला. भांडेनासा झाला. कोंबडी आली तरी नुसती हाकलून देई. डोमाजी एकदा धुऱ्यावर त्याला म्हणाला, "तुही जागा ठेवली ना मी, गा." रूपरावानं विडी दाताखाली फिरवली. "जेवाले बलावलं नाई आन् पत्रावळ तेवढी मांडून ठेवली म्हनते," एवढं बोलून तो पाठ करून गेला.

आणि मग शहाऐंशीचा पोळा आला.

या वेळी बाबारावांनी थाट केला होता. पंचायत समितीचे सभापती उत्तम जोडीचं बक्षीस द्यायला येणार होते. आखरावर मंडप, खुर्च्या आणि कडुलिंबाला भोंगा. भोंग्याखाली टेबलावर ओमप्रकाशचं मशीन. डोमाजीनं सकाळपासून चांद्या-बांड्यांना धुतलं होतं, शिंगांना बेगड लावली होती, आणि मनात नव्या, कोणालाही न दाखवलेल्या झडत्या घोळवल्या होत्या. कॅसेटीत गेलं ते गेलं, तोरण तर आपलं आहे, या एका विचारावर त्यानं पावसाळ्याचे ते दोन महिने काढले होते.

तोरणाखाली जोड्या लागल्या. डोमाजीनं चांद्याच्या वशिंडावर हात ठेवला, घसा साफ केला. तेवढ्यात बाबाराव जवळ आले आणि खांद्यावर हात टाकून हळूच म्हणाले, "डोमा, तू आराम कर आज. मशीन हाये. सभापतीसायेबाईले कॅसेट आयकवू."

"आन् मी?"

"तू बैल धर."

डोमाजीच्या पायाखालचं आखर सरकलं. आजवर गावानं त्याला शेवटच्या पंगतीत बसवलं होतं, पण तोरणाखालून कोणी उठवलं नव्हतं. आणि उठवणारं कोण, तर त्याचाच आवाज. भोंगा खरखरला आणि डोमाजीपेक्षा मोठ्या डोमाजीनं गायला सुरुवात केली:

*बाबाराव आमुचे, जशी उन्हातली साउली,*
*गावाला लाभली हो, जणू दुसरी माउली.*

"हर हर महादेव," नागपूरची पोरं पुटपुटली. आखरावरचं कोणी ओरडलं नाही. बाबाराव सभापतींकडे पाहून लाजले. आणि जवाबाची जागा सुरू झाली. भोंगा सूं करत राहिला. सगळ्या गावाचे डोळे सवयीनं खालच्या मोहल्ल्याच्या ओळीकडे वळले. रूपराव आपल्या बैलांजवळ उकिडवा बसून होता, तो तसाच बसून राहिला.

"तुह्या कॅसेटीले तूच दे जवाब," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सारं आखर गप्प असल्यानं तो सर्वांना ऐकू गेला.

डोमाजीचा हात अजून वशिंडावरच होता. तोरण वरतीच होतं. जागा मोकळी होती. आणि बारा वर्षांत तोरणाखाली त्या जागेत शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. त्याच्या तोंडून निघालं:

*साउली पडली वावरावर, पीक नाई आलं,*
*माउलीनं लेकराच्या वाटचं दूध स्वताच पेलं.*
*हर बोला!*

"हर हर महादेव" असं उठलं की कडुलिंबावरचे कावळे गेले ते दुसऱ्या दिवशीच परतले. सभापती आधी दचकले, मग त्यांना वाटलं कार्यक्रमच असा बसवलेला आहे, आणि ते खुर्चीत मागं रेलून हसू लागले. सभापती हसले म्हणून बाबारावांना हसावं लागलं. हसता हसता त्यांनी ओमप्रकाशला खूण केली: बंद कर.

ओमप्रकाशचा हात बटणापर्यंत गेला. पण पुढची झडती त्याच्या दुकानाची होती, आणि एवढी गर्दी, वर सभापती, असं गिऱ्हाईक परत कधी जमणार. "एक मिनट, बाबारावजी," तो म्हणाला आणि हात मागं घेतला. भोंगा गायला लागला:

*ओमप्रकाशांच्या दुकानी एकच भाव, एकच माप,*
*गिऱ्हाइकाला जीव लावी, जसा सख्खा बाप.*

या वेळी गाव वाटच पाहत होतं. सूं सुरू झाल्यावर डोमाजीनं घाई केली नाही. मिशीवरून हात फिरवला.

*बापानं मोजून देल्लं, लुगडं आनलं घरी,*
*माय नेसाले बसली तं गुडघ्याच्याच वरी.*

बायकांच्या बाजूनं जे हसू फुटलं त्यात देवकाबाईंचा आवाज डोमाजीला वेगळा ओळखू आला. आता ओमप्रकाश बटणाकडे झेपावला, तर गुरुजींनी त्याचं मनगट धरलं. "असं मध्येच तोडू नये. पुढचं काव्य माझं आहे." गुरुजींचं काव्य झालं, ज्ञानदीप तेवला, अंधकार क्षणात गेला, आणि जागा आली.

*दिवा तेवते खरा, पन झाकून डोये दोनी,*
*पोरं गेले बोराखाली, पाहून राह्यलं कोनी?*

मग मशीन बंद करायची गरजच कोणाला वाटेना. ज्यांच्यावर झालं त्यांना वाटे, आता दुसऱ्यावर होऊ द्या. ज्यांच्यावर व्हायचं होतं त्यांना उठून जाता येईना. उठला तो रागावला, रागावला तो हरला. खरवसवाल्यावर झाली, सासूवाल्यावर सासूसकट झाली. प्रत्येकानं गोड करून घेतलेली आपापली ओळ भोंग्यातून ऐकली, आणि तिचं तिखट तिथल्या तिथं, ताजं, पाट्यावरून उतरलेलं, मिळवलं.

शेवटची झडती डोमाजीची स्वतःची होती. कॅसेटच्या अखेरीस आपलंही नाव असावं म्हणून त्यानं हौसेनं घातली होती:

*डोमाजीचा आवाज आता घुमेल घरोघरी,*
*कॅसेट न्यावी पाव्हण्यांनो, एक तरी घरी.*

जागा आली. डोमाजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. आपल्यावर आपणच काय म्हणणार. भोंगा सूं करत होता. गाव थांबलं. आणि खालच्या मोहल्ल्याच्या ओळीत रूपराव उठला, विडी विझवून कानावर ठेवली, बैलाच्या वशिंडावर हात टेकला.

*डोमाची जीभ गा, नागपूरले गेली,*
*बाबारावच्या खिशातून आज वापस आली.*
*हर बोला!*

सगळ्यांत मोठ्यानं "हर हर महादेव" कोण ओरडलं असेल, तर डोमाजी. मग तोरण तुटलं, बैल उधळले, आणि बक्षीस कोणत्या जोडीला मिळालं हे आज कोणाला विचारलं तर सांगता येत नाही.

पोळा फुटल्यावर जोड्या घरोघर पूजेला जातात. पहिलं घर बाबारावांचंच. ते आत पडून होते, डोकं धरलं होतं म्हणे. दारात आरती घेऊन त्यांच्या पत्नी कौशल्याबाई आल्या. त्यांनी चांद्या-बांड्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणाची पोळी भरवली, आणि पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, "डोमाजीभाऊ, ते लुगड्याचं एकडाव अजून म्हना ना. मले गर्दीत धड आयकू नाई आलं."

डोमाजी ताठ झाला. "तोरन तुटलं, वयनी. तोरनाखालचा बोल तोरनाखाली. आता नाई म्हनत मी."

"असं होय," कौशल्याबाई म्हणाल्या. बांड्याच्या तोंडात उरलेली पोळी सरकवून त्यांनी हात पुसले. "तं मंग कॅसेट काऊन काढली होती?"

बाजूला आपल्या जोडीचा कासरा धरून रूपराव उभा होता. डोमाजीनं मोठ्या आशेनं त्याच्याकडे पाहिलं. रूपरावानं कानावरची विडी काढली आणि सावकाश पेटवली.

"जागा हाये, गा," तो म्हणाला. "दे जवाब."